लंकेत गेलो अन् पाळीवर बसून आलो

ता. साकोली, जि. भंडारा
2 फेब्रुवारी 2025

प्रिय दोस्ता,

माझा जय भीम, तुझा राम राम. शाळेपासूनचा रिवाज आहे, मोडायचा नाही.

परवा फोनवर तू विचारलंस, "काय पाहिलं बे लंकेत?" अन् मी म्हणून गेलो, "समुद्र." तू "बरं" म्हणालास अन् गोष्ट तुझ्या गुडघ्यावर गेली. फोन ठेवल्यावर वाटलं, आपण खोटं बोललो. समुद्राशी माझं काही जमलं नाही. जे जमलं ते तलावाच्या पाळीवर बसूनच सांगायचं असते, अन् तू पुण्यात चौथ्या मजल्यावर. म्हणून हा कागद.

ही सहल दोन वर्षांपासून घाटत होती, तुला ठाऊकच आहे. आधी विहारातली भिशी, मग धानाचे चुकारे आले तेव्हा कुठं पूर्ण पैसे भरले. आपल्या अन् शेजारच्या तीन गावांतले मिळून चौतीस लोक, त्यातल्या नऊ बाया साठीच्या वरच्या. तुझ्या नावाची जागा मी शेवटच्या हप्त्यापर्यंत धरून ठेवली होती. मग तिथं सरपंचाचा साळा आला, अन् आठही दिवस बसमध्ये माझ्या खांद्यावर झोपला. तुझ्या ऑपरेशनला मी आठ दिवस शिव्या दिल्या.

नागपूरहून चेन्नईपर्यंत रेल्वे, पुढं दीड तासाचं विमान. विमानाचं काही सांगत नाही, सगळेच सांगतात. एवढंच सांगतो की तुझ्या शेजारची मावशी उतरताना हवाईसुंदरीला म्हणाली, "येतो बाई, सांभाळून जा."

देश केवढा म्हणशील, तर आपला विदर्भ 97 हजार चौरस किलोमीटरचा अन् हा अख्खा देश साडेपासष्ट हजारांचा. बसमध्ये मी हे सांगितलं तर सगळ्यांची छाती उगाच फुगली.

पहिली रात्र विमानतळाजवळ काढली अन् पहाटे अनुराधपूरला निघालो. त्या दिवशी 13 तारीख, पौर्णिमा. तिकडं दर पौर्णिमेला सरकारी सुट्टी असते, दारूचं दुकान बंद, मटणही मिळत नाही. आपल्यातल्या दोघांचे चेहरे पाहण्यासारखे झाले होते, नावं लिहीत नाही, तू ओळखशील. महाबोधीच्या, म्हणजे तिथल्या जुन्या बोधिवृक्षाच्या, आवारात पाहतो तर हजारो लोक पांढऱ्या कपड्यांत. आपल्या बायांच्याही पांढऱ्याच साड्या. दहा मिनिटांत कोण आपलं अन् कोण तिकडचं, कळेना.

झाड उंच चौथऱ्यावर आहे, भोवती सोन्याचा मुलामा दिलेलं कुंपण, अन् म्हाताऱ्या फांद्यांना सोनेरी टेकू. अशोकाची लेक संघमित्रा हिनं गयेहून फांदी आणली, ती इसवी सनपूर्व 288 ला इथं लावली, असं परंपरा सांगते. अन् दीक्षाभूमीवरचा आपला बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी ह्याच झाडाची फांदी आणून लावलेला. म्हणजे 14 ऑक्टोबरला आपण ज्याच्या सावलीत चेंगरतो, त्याच्या आईला भेटलो म्हण.

सावलीत एक सिंहली म्हातारी बसली होती. ना तिला मराठी, ना मावशीला सिंहली. मावशी तिच्याजवळ जाऊन बसली अन् तोंडातल्या तोंडात त्रिशरण म्हणू लागली. म्हातारीनं मान वर केली, पुढचं पद तिनं उचललं. मग पंचशील. उच्चार थोडा हेल काढून, पण शब्द तेच. शेवटी दोघी एकदमच "साधु, साधु, साधु" म्हणाल्या अन् म्हातारीनं मावशीच्या गालावरून हात फिरवला. मी तिकडं पाहू शकलो नाही, चप्पल शोधायच्या निमित्तानं उठलो. चप्पल खरंच सापडत नव्हती, तो भाग वेगळा.

आता मुद्द्यावर येतो.

अनुराधपूर सोडलं तसा मी खिडकीला नाक लावून बसलो. आपल्याकडं धान कापून, मळून, विकूनही झाले होते, अन् तिथं बांध्या हिरव्यागार, लोंब्या नुकत्या बाहेर पडून राहिल्या होत्या. त्यांचा मोठा हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरात पेरतात, कारण त्या भागातला मुख्य पाऊस तेव्हा येतो. उरलेलं वर्ष जवळपास कोरडं. मग पाणी कुठून? दर तीन-चार किलोमीटरवर उत्तर दिसत होतं. तलाव, पुन्हा तलाव. एकाचं सांडलेलं पाणी खालच्यात, त्याचं त्याच्या खालच्यात, माळेसारखे. त्यांच्या भाषेत तलावाला "वेव" म्हणतात. स्तूप, तलाव, गाव अन् विहार ही चार नावं ते लोक एका दमात घेतात.

मला बसमध्ये बसवेना. मी गाईडला विचारलं, "ह्याला सलंग कुठं हाय? तुडुम कुठून काढलं?" तो बिचारा हिंदी शिकलेला, पण जास्तीचं पाणी सांडते ते सलंग अन् नहरात पाणी सोडायचं ते तुडुम, हे कोणत्या हिंदीत सांगू? शेवटी वहीत चित्र काढून दाखवलं. तो खूश झाला. त्याचं घर अशाच एका तलावाखाली. त्यानं मला त्यांच्या तुडुमाचं चित्र काढून दिलं, "बिसोकोटुव" म्हणतात. पाळीत, पाण्याच्या बाजूनं चौकोनी विहिरीसारखं दगडी बांधकाम. तलावाच्या पाण्याचा जोर आधी त्या विहिरीत मोडतो अन् मग पाणी गुमान नहरात जाते, पाळ कुरतडत नाही. दोन हजार वर्षांपूर्वीची अक्कल. ते चित्र जपून ठेवलं आहे, तुला दाखवीन.

दुसऱ्या दिवशी अवुकनला उभी बुद्धमूर्ती पाहायला गेलो, एका दगडात कोरलेली, चाळीसेक फूट उंच. बाकीचे मूर्तीपुढं फोटो काढत होते (मूर्तीकडं पाठ करून फोटो काढायची तिथं मनाई आहे, त्यावरून सरपंचाच्या साळ्याला बोलणी बसली). माझं चित्त मात्र येतानाच्या रस्त्यावर अडकलं होतं. तो रस्ता कलावेव नावाच्या तलावाच्या पाळीजवळून जातो. पाणी असं, की पलीकडचा काठ धुरकट दिसते.

हा तलाव पाचव्या शतकात धातुसेन राजानं बांधला. इथून त्यानं अनुराधपूरपर्यंत नहर काढला, सत्त्याऐंशी किलोमीटर, अन् सुरुवातीच्या टप्प्यात त्याचा उतार किलोमीटरला फक्त चारेक इंच. दुर्बीण नाही, लेव्हलचं मशीन नाही. आपल्या नहरवाल्यांना सांगशील तर हसतील.

ह्या धातुसेनाला त्याच्या पोरानं, कश्यपानं, कैद केलं. खजिना कुठं लपवला, दाखव म्हणे. म्हातारा म्हणाला, कलावेवाला न्या, दाखवतो. तिथं नेल्यावर तो पाण्यात उतरला, अंग धुतलं, ओंजळभर पाणी घेतलं अन् म्हणाला, माझ्याजवळ जे काही आहे ते एवढंच. पोरानं त्याला भिंतीत चिणून मारलं. मग बदल्याच्या भीतीनं तोच पोरगा सिगिरियाच्या सुळक्यावर महाल बांधून राहिला. आज जग सिगिरिया पाहायला जाते. बाराशेच्या आसपास पायऱ्या, आम्हीही चढलो. वरून नजर ठरत नाही, सिंहाचे पंजे, भिंतीवरच्या चित्रांतल्या बाया, सगळं गजब आहे. पण माझ्या डोक्यात ती ओंजळ होती. तुझा आजा पावसाळ्यात रात्री कंदील घेऊन पाळीवर फिरायचा अन् खेकड्यानं भोक पाडलं का म्हणून टाचेनं माती दाबून पाहायचा, ते आठवलं.

सिगिरियाहून पोलोन्नरुवाला जाताना बसचं टायर बसलं. टूरवाल्यानं "दहा मिनिटं" म्हटलं अन् पावणेदोन तास लागले. सहलीतली सगळ्यात चांगली वेळ तीच. (बाकी वेळ त्यानं आम्हाला मसाल्याच्या बागेत अन् रत्नांच्या दुकानात कोंडला. त्या दुकानदाराशी त्याचं काय ठरलं असेल ते सांगायला नको. मी एक खडाही घेतला नाही, तुझ्या वहिनीनं दोन घेतले.) रस्त्याच्या बाजूलाच लहान तलाव होता, आपल्या बोडीपेक्षा थोडा मोठा. कमळं, बगळे, एका काठाला बाया कपडे धुत होत्या. मी पाळीवर जाऊन बसलो. गाईडही आला. गावातले दोन शेतकरी सायकली लावून थांबले.

मी विचारलं, पाणी कमी असलं तर काय करता? त्यांनी जे सांगितलं त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे. त्याला "बेत्म" म्हणतात. तलाव अर्धाच भरला, तर सगळ्यांनी सगळी जमीन करायची नाही. पाळीजवळची, जिथवर पाणी पुरेल तेवढीच जमीन करायची, अन् ती त्या हंगामापुरती सगळ्या शेतकऱ्यांत वाटून घ्यायची. टेलवाल्यालाही, म्हणजे नहराच्या शेवटी शेत असलेल्यालाही, वरच्याच्या बांधीत हिस्सा. मी दोनदा विचारलं, वरचा देते? ते म्हणाले, न देऊन कसं चालेल, पुढच्या वर्षी तोच खाली असू शकते. आता वांधे होत नाहीत असं नाही, मोटरपंप त्यांच्याकडंही आले आहेत. पण रीत आहे. आपल्याकडं 2009 च्या दुष्काळात टेलवाल्यांनी रात्री दगड टाकून नहर अडवला होता, अन् आपण दोघं काठ्या घेऊन गेलो होतो. आठवते?

मग खताचं निघालं. 2021 मध्ये त्यांच्या सरकारनं रासायनिक खत एका झटक्यात बंद केलं. काही महिन्यांनी बंदी उठवली, पण तोवर धान पिवळे पडले होते. पुढच्या वर्षी पेट्रोल नाही, गॅस नाही, अन् राष्ट्रपतीलाच देश सोडून पळावं लागलं. त्यातला एक म्हणाला, त्या वर्षी आम्ही बेत्म केला, तांदूळ घरचा होता, उपाशी राहिलो नाही. अन् पिकात आपल्या रानडुकराऐवजी त्यांच्याकडं हत्ती. झाडावर माळा बांधून रात्रभर जागली करतात. मी म्हटलं, गडचिरोलीकडून आमच्याकडंही हत्ती आले मांगं. ते हसले. हत्ती कसा हाकलायचा ते समजावू लागले, तेवढ्यात बसनं हॉर्न दिला.

पोलोन्नरुवात पराक्रमबाहूचा तलाव पाहिला, बाराव्या शतकातला. नावच "समुद्र" आहे त्याचं, पराक्रम समुद्र. पाळ सुमारे चौदा किलोमीटर. पावसाचा एक थेंबही माणसाच्या कामी न येता दर्याला मिळू नये, अशी त्या राजाची आज्ञा होती म्हणतात. तर फोनवर मी "समुद्र" म्हटलं ते अगदीच खोटं नव्हतं, असं आता लिहिताना लक्षात येते.

पुढचं भराभर सांगतो. कँडीत बुद्धाच्या दंतधातूचं विहार पाहिलं. 1950 मध्ये जागतिक बौद्ध परिषदेला बाबासाहेब तिथं आले होते. सहा वर्षांनी माझा बाबा बंडीनं अन् रेल्वेनं नागपूरला गेला. तिथं मी बाबासाठी एक फूल जास्तीचं ठेवलं. चहाचे मळे म्हणजे नुसती हिरवी चादर, पण पत्ती तोडणाऱ्या बायांचे हात पाहिले अन् आपल्या रोवणीच्या बाया आठवल्या. जेवणात भात अन् नारळ, नारळ अन् भात. भाताची आपल्याला तक्रार नाही, पण पाचव्या दिवशी सगळे वांग्याच्या भाजीवर बोलू लागले. म्हशीचं दही मातीच्या भांड्यात, वर ताडाच्या जातीच्या झाडाचा पाक, ते मात्र तू खाल्लं असतंस तर गुडघा विसरला असतास. शेवटी गालेचा किल्ला, अन् समुद्र, अर्धा तास. 2004 च्या लाटेत त्या किनाऱ्यावर एक अख्खी रेल्वेगाडी गेली, ते ऐकल्यावर मला पाण्यात पाय घालावासा वाटला नाही.

गावात आलो त्याच संध्याकाळी तलावावर गेलो. गाळ माहीत आहे तुला किती चढला आहे. ढीवरांची पोरं जाळं टाकत होती, म्हणाली, मार्चपर्यंतही पाणी राहणार नाही. मी चित्र घेऊन तुडुम पाहायला खाली उतरलो. तू एकदा सांगितलं होतंस, तुझ्या आज्यानं दुरुस्ती केली तेव्हा एका दगडावर खूण कोरून ठेवली, पाणी तिच्या खाली गेलं की तुडुम बंद करायचं. तो दगड मला सापडला नाही. बेशरमाची झुडपं कमरेइतकी वाढली आहेत, अन् कोणत्या बाजूला पाहावं तेही समजेना. गावाच्या बाजूला आहे का रानाच्या? आठवून लिही. फोन नको करू, फोनवर तू "तिकडं रे" म्हणतोस अन् मला काही कळत नाही. चित्र काढून पाठव.

तुझा,
बंडू

ता. क. तुझ्या घराचे मागच्या बाजूचे पाच कवेलू वानरांनी सरकवले होते, मी बसवले. दोन फुटले, ते माझ्या कोठ्यावरचे लावले आहेत.