बारशाआधीच वादळाचं नाव छापू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ऑक्टोबर २०२५ मध्ये अरबी समुद्रात ‘शक्ती’ चक्रीवादळ झालं तेव्हा आमच्याकडे मासे घेऊन येणाऱ्या मावशींनी पाटी उतरवता उतरवता विचारलं, “काका, हे मे महिन्यात येऊन गेलं ना, मग परत कसं?” आता त्यांची काय चूक, मे २०२५ मध्ये सगळीकडे ‘शक्ती धडकणार’ हेच वाचलं होतं, तुमच्याही पेपरात होतं, मी कात्रण जपून ठेवलंय. प्रत्यक्षात मे महिन्यात शक्ती नावाचं वादळ झालंच नाही.

मी हवामान खात्यातला वगैरे नाही, बँकेतून रिटायर झालोय, पण २००९ च्या फयान वादळापासून हा नाद लागलाय. आम्ही तिघे मित्र आहोत, समुद्रात काही शिजायला लागलं की रात्री जागून सॅटेलाइटचे फोटो बघतो आणि चहाची पैज लावतो, की हे नुसतं डिप्रेशन राहणार, डीप डिप्रेशन होणार, का चक्रीवादळ म्हणून जाहीर होणार. २०२५ च्या २३ मे च्या रात्री मी चक्रीवादळावर पैज लावली आणि हरलो. ते कोकण किनाऱ्याला इतकं चिकटून होतं की समुद्रावर ताकद कमवायला त्याला वेळच मिळाला नाही, २४ तारखेला दुपारच्या सुमारास डिप्रेशन म्हणूनच रत्नागिरी-दापोलीच्या मधे जमिनीवर आलं.

नियम तसा सरळ आहे. वारा ताशी ३१ ते ४९ किलोमीटर असेल तर डिप्रेशन, ५० ते ६१ ला डीप डिप्रेशन आणि ६२ च्या पुढे गेलं की मग चक्रीवादळ, आणि तेव्हाच दिल्लीहून, म्हणजे आपल्या हवामान खात्याकडून, नाव मिळतं. नावं १३ देशांनी आधीच देऊन ठेवलीयत, शक्ती हे श्रीलंकेचं. म्हणजे पुढचं नाव कुठलं हे सगळ्यांना आधीच माहीत असतं आणि तिथेच घोळ होतो, मूल जन्माला यायच्या आत पेपरवाले पेढे वाटून मोकळे. बाजारात तुरी म्हणतात ते हेच.

वारा म्हणजे एखादा झोत नाही बरं का, तीन मिनिटांची सरासरी धरतात. आमच्यातला एक जण अमेरिकी लष्कराच्या टायफून केंद्राचे आकडे बघतो, ते एकाच मिनिटाची सरासरी घेतात म्हणून त्यांचा आकडा सहसा जास्त येतो, आणि मग हा दोन दिवस ऐकवत बसतो की बघा आपलं खातं कमी दाखवतंय. शिवाय भर समुद्रात वारा मोजायला कोण बसलंय, बराचसा अंदाज ढगांच्या आकारावरून बांधतात, ड्व्होरॅक म्हणून पद्धत आहे, त्यात ढगांच्या आकाराला अंक देतात, १.५ ला डिप्रेशन आणि २.५ ला चक्रीवादळ. फोटो तोच असला तरी दोन जाणकारांत अर्ध्या अंकाचा फरक पडू शकतो. इतक्या बारीक रेषेवर जे ठरतं ते तुम्ही दोन दिवस आधी मोठ्या टायपात कसं काय छापता?

आणि नाव मिळालं नाही म्हणजे धोका नाही असं पण नसतं. ऑगस्ट २०२४ मध्ये डीप डिप्रेशन गुजरातवर अडून बसलं, बडोद्यात विश्वामित्रीचा पूर आला, घरांत पाणी शिरलं, तेव्हा त्याला नाव नव्हतं. पुढे ते कच्छवरून समुद्रात उतरलं आणि ३० ऑगस्टला त्याचं ‘असना’ झालं, म्हणजे बारसं झालं ते गुजरातला झोडपून निघून जाताना. ऑगस्टमध्ये अरबी समुद्रात चक्रीवादळ म्हणजे १९७६ नंतर पहिलंच, आम्ही तिघे त्या दिवशी अक्षरशः फोनला चिकटून होतो. नाव वाऱ्यावर ठरतं, पाऊस किती पडणार ते त्यात नसतं.

खरं सांगायचं तर आमचंही चुकतंच. २४ मे ला डिप्रेशनवरच थांबलं म्हणून मी तोंड पाडून बसलो होतो, आणि तिकडे मागच्या पडवीत पावसाळ्याच्या बेगमीची लाकडं अजून झाकलेली नव्हती ती सगळी भिजून गेली, मे अखेरीला एवढा पाऊस येईल असं कोणाला वाटलं होतं. बायको म्हणाली, “त्याचं बारसं झालं नाही म्हणून लाकडं सुकी राहिली का?” मी गप्प.

तर विनंती एवढीच की बातमीत आज त्याचा दर्जा काय आहे ते लिहा, डिप्रेशन असेल तर डिप्रेशनच लिहा, वाऱ्याचा आकडा द्या, कुठल्या जिल्ह्यात किती पाऊस सांगितलाय, बंदरावर कितव्या नंबरचा बावटा लावलाय ते द्या, आणि हे सगळं किती वाजताच्या बुलेटिनमधलं ते पण, कारण रात्रीचं बुलेटिन सकाळी पेपर हातात येईपर्यंत शिळं झालेलं असतं. आणि ‘कमी दाबाचा पट्टा’ आणि ‘कमी दाबाचं क्षेत्र’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तुमच्याकडे एकाच बातमीत दोन्ही आलेलं मी पाहिलंय.

मावशींना मी सांगितलं की मे मधलं ते शक्ती नव्हतंच, हे खरं शक्ती, आणि हे आपल्यापासून लांब पश्चिमेकडे चाललंय. त्या म्हणाल्या, “पेपरात तर तेव्हाच आलं होतं,” आणि पाटी उचलून पुढच्या घरी गेल्या.

आपला,
एक जुना वाचक, दापोली