राधानगरचं पाणी निर्धास्त नाही

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला अंदमानच्या राधानगर किनाऱ्यावरचा लेख वाचला. वर्णन फर्मास आहे. पांढरी मऊ वाळू, किनाऱ्याला खेटून उभं असलेलं उंच झाडांचं जंगल, समोर सूर्यास्त. ‘टाइम’ या अमेरिकी नियतकालिकाने २००४ साली केलेलं कौतुक आणि स्वच्छ, सुरक्षित किनाऱ्यांना दिलं जाणारं ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन २०२० मध्ये मिळाल्याचंही आलं. पोहण्याबद्दल मात्र एवढंच, की पाणी ‘उथळ आणि निर्धास्त’ आहे. यातलं उथळ खरं. निर्धास्त हे लेखकाच्या पदरचं.

दोन वर्षांपूर्वी आम्ही सहकुटुंब तिथे गेलो होतो. तळ इतका हळूहळू उतरतो, की बरंच आत गेलं तरी पाणी कमरेलाच. माणूस गाफील होतो तो यामुळेच. लाटांबरोबर काठाशी आलेलं पाणी परत जायला वाट शोधतं आणि वाळूच्या दोन उंचवट्यांमधल्या खोलगट जागेतून जोरात बाहेर जातं. खोलीमुळे तिथे लाट फुटत नाही, फेस नसतो. दिसतो तो गडद, शांत पट्टा. नवखा माणूस पोरांना घेऊन नेमका तिथेच उतरतो.

माझे मेहुणे असेच उतरले. पट्टीचे पोहणारे, पण विहिरीतले! काठाकडे तोंड करून हात मारत होते आणि मागे मागे जात होते. जीवरक्षकाने शिट्टी मारून ‘आडवे जा’ अशी खूण केली. किनाऱ्याला समांतर थोडं अंतर कापल्यावर ओढ सुटली आणि लाटांनीच त्यांना काठाकडे ढकललं. (या ओढीला रिप करंट म्हणतात; आता ते सगळ्यांना ती समजावून सांगतात, तो भाग वेगळा.)

जून ते सप्टेंबर, पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. पण आभाळ निरभ्र, वारा पडलेला, म्हणून समुद्र शांत असंही नाही. दक्षिणेकडे फार दूर उठलेल्या वादळांच्या लाटा कित्येक दिवसांनी इथे पोचतात. हैदराबादची ‘इन्कॉइस’ ही समुद्राचे अंदाज देणारी सरकारी संस्था त्यांचे इशारे देते. लेखाखाली एवढी एक ओळ छापायला जागा फारशी लागली नसती.

आणि मगरी. एप्रिल २०१० मध्ये राधानगरला लागूनच असलेल्या नील्स कोव्ह या लहानशा आखातात स्नॉर्केलिंग (तोंडात नळी धरून पाण्याखाली पाहत पोहणं) करणाऱ्या एका अमेरिकन तरुणीचा खाऱ्या पाण्यातल्या मगरीने बळी घेतला. ही मगर खाडीपुरती राहत नाही, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर समुद्रातून पोहत जाते. तिची शिकारीची वेळ मुख्यतः तिन्हीसांजेनंतरची; आपल्या लेखकाने ‘सूर्य बुडताना पाण्यात उभं राहायलाच हवं’ असं लिहिलं आहे.

लेखासोबतचं छायाचित्र पुन्हा पाहावं. डावीकडे लाटांची पांढरी रेघ एका जागी तुटली आहे. दोन माणसं कमरेएवढ्या पाण्यात उभी आहेत, ती तिथेच.

आपला,
एक वाचक