मनगटावरचा दुसरा कॉम्प्युटर

प्रिय मित्रा,

तुझं पत्र परवा मिळालं. सोबतची चार डाइव्ह कॉम्प्युटरांची, म्हणजे पाण्याखाली किती वेळ राहता येईल ते मनगटावर दाखवणाऱ्या यंत्रांची यादी दोनदा वाचली. यातला कोणता घेऊ आणि दुसरा बाळगायची खरंच गरज आहे का, असं तू विचारलंयस. उत्तर द्यायच्या आधी त्या दिवशीची गोष्ट सांगतो. तुला ती मी कधी नीट सांगितलीच नाही.

सकाळी आम्ही २८ मीटरपर्यंत जाऊन आलो होतो. माझा बडी, म्हणजे पाण्याखालचा जोडीदार, दुपारी येऊन पोचला, म्हणजे त्याची दिवसातली ती पहिलीच डाइव्ह, माझी दुसरी. २० मीटरवर एका कपारीपाशी मी मनगट वळवलं तर आकडे फिके दिसले. एकदा उजळले आणि मग काच काळी पडली. बटण दाबलं, दाबून धरलं, काही नाही. शेवटी पाहिलेला आकडा डोक्यात होता: नो-डेको टाइम, म्हणजे वर येताना सक्तीचा थांबा (डेको) न लागता त्या खोलीवर राहता येईल असा उरलेला वेळ, १४ मिनिटं. बडीला खूण केली, त्यानं आपलं मनगट माझ्यापुढे धरलं. त्यावर ३१ मिनिटं होती.

त्या क्षणी जे कळलं ते कुठल्याही कोर्समध्ये इतकं नीट कळलं नव्हतं. पाणी तेच, खोली तीच, हवा तीच, पण त्याचा आकडा माझ्या काही उपयोगाचा नव्हता. दाबाखाली हवेतला नायट्रोजन अंगात मुरतो आणि हळूहळूच बाहेर पडतो. सकाळचा नायट्रोजन माझ्या अंगात मुरलेला होता, त्याच्या नव्हता. त्याचा कॉम्प्युटर मला फक्त खोली आणि वर येण्याचा वेग दाखवू शकत होता. तेवढ्यावरच आम्ही डाइव्ह संपवली. मिनिटाला ९ मीटरच्या आत राहून सावकाश वर आलो, आणि सिलिंडरमध्ये हवा भरपूर होती म्हणून ५ मीटरवर नेहमीच्या ३ मिनिटांच्या सेफ्टी स्टॉपऐवजी बराच जास्त वेळ थांबलो.

बोटीवर बॅटरीचं झाकण उघडलं तेव्हा कारण सापडलं. ओ-रिंगवर, म्हणजे पाणी अडवणाऱ्या रबरी कड्यावर, एक केस आडवा पडला होता. आदल्या रात्री अंधुक उजेडात मीच बॅटरी बदलली होती. तेवढ्याशा फटीतून पाणी शिरलं आणि आतला संपर्क हिरवा पडला. नवी बॅटरी घाल, होईल सुरू, असं कुणीतरी म्हणालं. पण त्या मॉडेलमध्ये बॅटरी काढली की मागच्या डाइव्हचा हिशोब पुसला जातो. तो सुरू झाला असता, तरी मी आयुष्यात कधी पाण्यात उतरलोच नाही असं समजून. शेवटी मी २४ तास बोटीवर बसून राहिलो आणि बाकीचे उतरत होते ते बघत राहिलो.

म्हणून तुझ्या यादीकडे मी जरा वेगळ्या नजरेनं पाहतो. कॉम्प्युटर तुझ्या रक्तात डोकावत नाही. तो फक्त दाब आणि वेळ मोजतो आणि त्यावरून एक अंदाज बांधतो. १९०८ साली हॉल्डेन या शास्त्रज्ञानं शरीराचे पाच काल्पनिक भाग धरले, काही झटपट भरणारे, काही सावकाश. पुढे ब्यूलमन या डॉक्टरनं झुरिकमध्ये ते सोळांवर नेले. त्यातल्या सगळ्यात चपळ भागाचा अर्धकाळ, म्हणजे नायट्रोजननं अर्धा भरायला किंवा रिकामा व्हायला लागणारा वेळ, ४ मिनिटांचा, सगळ्यात संथ भागाचा ६३५ मिनिटांचा, म्हणजे साडेदहा तासांहून जास्त. सकाळची डाइव्ह संध्याकाळी विसरून चालत नाही ती यामुळेच. या यंत्रात जपण्यासारखं काही असेल तर त्याची आठवण.

तुझ्या यादीतल्या दोघांत ब्यूलमनचा हिशोब आणि ग्रेडियंट फॅक्टर, म्हणजे तो हिशोब किती सावध ठेवायचा ते ठरवणारे दोन आकडे, आहेत, दोघांत दुसरी पद्धत आहे. मी ब्यूलमनवाल्यांकडे झुकेन, कारण त्यात काय चाललंय ते तुला समजून घेता येतं. ४०/८५ अशी जोडी असेल तर दुसरा आकडा सांगतो की पाण्याबाहेर येताना अंगातल्या नायट्रोजनच्या मूळ मर्यादेच्या ८५ टक्क्यांपर्यंतच जायचं, आणि पहिला ठरवतो की डेको लागलाच तर पहिला थांबा किती खोलवर घ्यायचा. आकडे लहान ठेवलेस तर वेळ कमी मिळतो, सुरक्षितता वाढते. दुसऱ्या पद्धतीचे वाईट असतात असं नाही. पण जो हिशोब बडीला दोन वाक्यांत सांगता येत नाही, त्याच्यावर पाण्याखाली विसंबणं मला जड जातं.

यानंतर स्क्रीन. यात तडजोड करू नकोस. तुला चाळीशी लागलीय हे विसरू नकोस. पाण्यात मास्कमधून सगळं सुमारे एक तृतीयांश मोठं दिसतं, त्याचा थोडा आधार मिळतो, पण बारीक आकडे ते बारीकच. घ्यायच्या आधी मिणमिणत्या उजेडात हात पूर्ण लांब करून बघ. खोली, उरलेला वेळ आणि सेफ्टी स्टॉप हे तिन्ही एका नजरेत दिसतात का? मग हातमोजे घालून बटणं दाबून बघ. अर्ध्या कॉम्प्युटरांची परीक्षा तिथेच होते.

सिलिंडरवरच्या ट्रान्समीटरवरून उरलेल्या हवेचा दाब दाखवणारा प्रकार छान आहे, पण काट्याचा गेज काढून टाकू नकोस. होकायंत्र, रंगीत नकाशे यांच्याबद्दल मला फारसं म्हणायचं नाही.

दोन गोष्टी मात्र दुकानात नक्की विचार. बॅटरी बदलताना आधीचा हिशोब टिकतो का? आणि डेकोचा थांबा चुकला तर यंत्र लॉक होतं का, होत असेल तर किती तास? काही मॉडेल २४ तास, काही ४८ तास नुसता खोलीमापक होऊन बसतात.

आता दुसरा हवा का. सुट्टीत एखादी उथळ डाइव्ह करून येणाऱ्याला मी दुसरा घे म्हणणार नाही. यंत्र बंद पडलं तर वर यायचं, दुसऱ्या दिवशी बघायचं, बिघडत काहीच नाही. पण तू आठवडाभर बोटीवर राहणार आहेस, दिवसाला तीन-चार डाइव्ह. तिथे दुसरा घेच. आणि तो बॅगेत ठेवू नकोस. मित्रा, या पत्रातलं एवढं एकच लक्षात राहिलं तरी चालेल. बॅगेतला कॉम्प्युटर कितीही नवा असो, तिसऱ्या दिवशी हातात बांधलास तर त्याला आधीचे दोन दिवस माहीतच नसतात. पहिल्या डाइव्हपासून तुझ्यासोबत उतरला असेल तरच तो पर्याय. बडीचा कॉम्प्युटर पर्याय होत नाही, ते मी त्याच्या मनगटावरच्या त्या ३१ च्या आकड्यावरून शिकलो. खोलीमापक, घड्याळ आणि कुठल्या खोलीवर किती मिनिटं राहायचं ते सांगणारं छापील टेबल, हे तिन्ही मिळून चालतं, पण डाइव्ह टेबलाप्रमाणे आखलेली असेल तरच. कॉम्प्युटरच्या भरवशावर वरखाली फिरत केलेली डाइव्ह टेबलात बसत नाही.

दोन्हींचा हिशोब आणि सेटिंग एकच ठेव. नाहीतर एक म्हणतो थांब, दुसरा म्हणतो जा. तसं झालंच तर जो जास्त थांबायला सांगतो त्याचं ऐक. नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजनची हवा, घेशील तेव्हा दोन्हींवर मिश्रण बदल. ३२ टक्के ऑक्सिजन असताना त्याच्या दाबाची १.४ बारची मर्यादा धरली तर ३३ मीटरच्या आसपास थांबावं लागतं, त्याहून खोल जायचं नाही. दुसरा हवेवरच राहिला तर तो ही सूचना देणारच नाही, शिवाय नो-डेको वेळ उगाच कमी दाखवत राहील. हे रोज सकाळी सिलिंडर तपासतानाच करून टाक, एक मनगट झालं की लगेच दुसरं.

तेव्हा तुझ्या यादीतला सगळ्यात भारी तो खोडून टाक. त्या पैशात तिसऱ्या क्रमांकाचे दोन घे, मोठ्या आकड्यांचे, बॅटरी काढली तरी न विसरणारे.

कोणते घेतलेस ते कळव, आणि निघायच्या आधी एक संध्याकाळ मोकळी ठेव. दोन्ही बॅटऱ्या आपण भरपूर उजेडात बसून बदलू. ओ-रिंगवर काही चिकटलेलं नाही ना, हे एकदा मी बघतो, एकदा तू बघ.

तुझा,
जुना बडी