सही करण्याआधी

सोलापूर,
संक्रांतीनंतरचा रविवार

प्रिय विजू,

फोनवर तू घाईत होतीस म्हणून मी ताणलं नाही. पण "वाटा सोडल्याच्या कागदावर सही करून टाकते गं, उगाच वाईटपणा कशाला" हे तुझं बोलणं काही डोक्यातून जाईना. शेवटी पत्रच लिहायला बसले. फोनवर तू मला मध्येच तोडतेस, इथं तोडता येणार नाही.

आधी कोरडं ते सांगून टाकते. मागाच्या शेडची आणि घराची जागा तुझ्या वडिलांनी, अण्णांनी स्वतःच्या कमाईतून घेतली होती, आणि मृत्युपत्र केलेलं नाही. अशा मिळकतीत तुझी आई म्हणजे काकू, दोघं भाऊ आणि तू, चौघांचे सारखे वाटे. हे आज निघालेलं नाही, १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यातच आहे. फक्त त्यात एक पाचर मारून ठेवली होती. राहत्या घराची वाटणी मुलीला मागता येत नसे. भावांनी वाटणी काढली तरच तिचा हिस्सा निघायचा. २००५ च्या दुरुस्तीत ती पाचर निघाली. वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानं वाटेकरी झाली तीही तेव्हाच. (महाराष्ट्रानं ते १९९४ सालीच केलं होतं, पण आधी लग्न होऊन गेलेल्यांना वगळून! जणू लग्न झालं की मुलगी मुलगी राहत नाही.) २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हेही सांगितलं की २००५ मध्ये वडील हयात नसले तरी मुलीचा हक्क जात नाही. तेव्हा भाऊ तुला काही देतायत आणि तू नको म्हणतेयस, असं मनात धरू नकोस. तुझं आहे ते तू सोडायला निघालीयस.

पण मला कायद्यापेक्षा तुझा तो वाईटपणा जास्त छळतोय. तो आपल्यात कुणी रागावून घातला नाही गं, कौतुक करून घातला.

आठव. शाळेतून आलं की दप्तर कोनाड्यात टाकून तू मागासाठी सुताच्या कांड्या भरायला बसायचीस. सूत तुटलं की बोटांच्या शेंड्यांनी गाठ मारायचीस, इतकी बारीक की मागात अडकू नये. काकू सकाळी भरायच्या, संध्याकाळी तू. मजुरी मागाची, म्हणजे अण्णांची. येणाऱ्या-जाणाऱ्याला अण्णा सांगायचे, "आमच्या विजीला कधी सांगावं लागत नाही." आणि तू अशी फुलायचीस! बाळू त्या वेळी गच्चीवर पतंग उडवत असायचा. त्याला कुणी हाक मारली की काकूच म्हणायच्या, "खेळू दे की, पुढं जन्मभर मागच ओढायचाय त्याला." त्याच्या न केलेल्या कामालाही कारण होतं आणि तुझ्या केलेल्या कामाला नुसती शाबासकी. ती शाबासकी कुठल्या वहीत चढत नाही.

आमच्याकडे दुसरं काय होतं? आई विड्या वळायची. भिजवलेली पानं पत्रा ठेवून कात्रीनं कापायची, मांडीवर सुपात तंबाखू. विड्यांची तोंडं मुडपायचं काम माझं, का तर पोरीची बोटं लहान. दादाची बोटं तेव्हा काय मोठी होती? हजार विड्यांचा हिशेब कारखान्याच्या कार्डावर आईच्या नावानं लागायचा. माझ्या बोटांचा कुठंच नाही. पण "पोर गुणाची आहे" हे मी इतक्यांदा ऐकलं की काही मागावं हे सुचायचंच बंद झालं. मागणारी पोर गुणाची कशी असेल?

परवा होम मैदानावर सिद्धरामेश्वरांच्या जत्रेला, गड्ड्याला गेले होते, भाची बरोबर होती. दुकानदारानं तिच्याकडं एकदा बघितलं आणि न विचारता भातुकलीचा डबा पुढं केला. तिला जेसीबी हवा होता. घेऊन दिला, तर शेजारी उभी असलेली एक बाई हसून म्हणाली, "दांडगी दिसतीय." बाई मनानं वाईट नव्हती. पण पोरीनं जेसीबी लगेच माझ्या पिशवीत टाकला, घरी पोचेपर्यंत बाहेर काढला नाही. नंदीध्वजांची मिरवणूक निघाली तेव्हा कुणाचा तरी पाच-सहा वर्षांचा मुलगा बाराबंदीच्या पोशाखात ऐटीत चालला होता आणि रस्ताभर त्याचं कौतुक चाललं होतं. सिद्धरामेश्वरांवर माझी श्रद्धा तुझ्याइतकीच आहे, गैरसमज नको. मी फक्त बघत होते, की कुणी काय केलं की लोक शाबास म्हणतात.

मी शिकवते त्या वर्गातही तेच. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात आई-बाबा दोघं मिळून भाजी निवडतानाचं चित्र घातलं. मी ते हौसेनं दाखवलं तर पोरं फिदीफिदी हसली, आणि मुली जास्त हसल्या. अमेरिकेत २०१७ साली छापलेल्या एका अभ्यासात दिसलं की पाच वर्षांच्या मुली "फार फार हुशार कोण?" असं विचारलं की मुलग्यांइतक्याच भरवशानं बाईच्या चित्राकडं बोट दाखवतात. सहा-सात वर्षांच्या झाल्या की ते कमी होतं. माझ्याकडं पोरी त्याच वयात येतात!

आता कांड्यांच्या हिशेबाकडं परत ये. सरकारनं २०१९ मध्ये लोकांच्या वेळेची पाहणी केली. घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं जात होते आणि करणाऱ्या पुरुषांचे ९७. यात घरकाम न करणारे पुरुष धरलेलेच नाहीत, आणि चारांत जवळजवळ तिघं तसेच होते. पाच तास बिनमजुरीचे गेले की कमवायला, शिकायला, नावावर काही करायला उरतं काय? मग हेच लोक म्हणतात, शेड उभारण्यात पोरीचं काय होतं.

बाळूला मी खलनायक ठरवत नाही हं. माग भंगारात गेले, शेडवर कर्ज काढायचं तर बँक सगळ्या वारसांच्या सह्या मागणारच. त्याची अडचण खरी आहे. पण तुझा वाटा सोडणं हा त्याच्या अडचणीवरचा एकच उपाय आहे का, हे त्यानं तुझ्याशी बसून बोलावं. "ताई काय नाही म्हणणार नाही" असं धरून कागद तयार करू नये. तू नाही म्हणणार नाहीस हे त्याला ठाऊक आहे, कारण तोही त्याच घरात वाढलाय.

आणि बाईच्या नावावर घर असलं की आभाळ कोसळतं म्हणशील, तर इथं जवळच कुंभारीला ये. कामगार पुढारी आडम मास्तरांच्या पुढाकारानं विडी कामगार बायकांसाठी तिथं १० हजार घरं उभी राहिली, २००६ मध्ये किल्ल्या मिळाल्या. आमच्या ओळखीची एक म्हातारी तिथं राहते. लेकाशी भांडण झालं की ती म्हणते, "जा की, दार तिकडं आहे." आपल्या आयांना हे कधी म्हणता आलं का?

आता एवढं कर. मसुदा आधी मागवून घे आणि स्वतः वाच. काकूंचा वाटा कुठं जाणार आणि त्या कुणाकडं राहणार ते त्यात आहे का बघ. जागेची आजची किंमत काढ. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदलं गेलं की मागाहून "मला कळलं नव्हतं" याला फार कुणी विचारत नाही. एवढं करूनही सोडावंसं वाटलं तर सोड, मी एक शब्द बोलणार नाही.

माझ्या ओळखीच्या एक वकीलबाई आहेत, कोर्टातून पाचला सुटतात. शनिवारी माझी सकाळची शाळा असते. शुक्रवारी रात्रीच्या गाडीनं निघ, उतर माझ्याकडं, माहेरी नंतर जाऊ. बाळूला आधीच कळवून ठेव की कागद दाखवायला घेऊन येतेय. लपूनछपून नको.

तुझी,
शकू