वयाची अट छापू नका

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकात 'पाहिजेत' या मथळ्याखाली येणाऱ्या छोट्या जाहिरातींबद्दल, आणि त्या वाचून आम्ही फोंड्यातली काही मंडळी जी पोस्टरं तयार करतो आहोत त्यांच्याबद्दल हे पत्र आहे.

नमुना म्हणून एकच जाहिरात घेते. 'अकाउंटंट पाहिजे. बी.कॉम., किमान १० वर्षांचा अनुभव, वय ३० च्या आत.' बी.कॉम. होईपर्यंत मुलं एकवीस वर्षांची होतात. त्यात दहा मिळवा. अटीत बसणारा उमेदवार निघणंच कठीण. मालकाला अनुभव हवा आहे, पण तो अनुभव गाठीला येईपर्यंत माणसाचं जे वय होतं ते नको आहे. आमचं पहिलं पोस्टर म्हणजे हीच जाहिरात, मोठी करून छापलेली, आणि खाली ठळक अक्षरांत बेरीज : २१ + १० = ३१. बाकी एक शब्दही नाही.

मी आयुष्यभर छापखान्यात काम केलं. खिळे जुळवणाऱ्यांच्या शेजारी बसून शिकले, पुढे डीटीपी आलं तेही शिकले. आमचा छापखाना बंद पडला तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती. पणजीतल्या एका जाहिरात कंपनीत गेले. त्यांनी माझी कामं पाहिली, आवडली म्हणाले, मग जन्मसाल विचारलं. 'आमची टीम तरुण आहे, तुम्हाला जमायचं नाही.' जमतं की नाही हे बघायला एक काम देऊन बघायचं, तेवढंही त्यांनी केलं नाही. माझी एक मैत्रीण किनारपट्टीवरच्या एका हॉटेलात कॅश सांभाळायची. हिशेबात एका पैशाची चूक नव्हती, तरी तिला पुढच्या काउंटरवरून उठवून मागे स्टोअरमध्ये बसवलं. पुढे तरुण चेहरे हवेत, एवढंच कारण. तिने ते सहा महिने सुद्धा सोसलं नाही, नोकरी सोडली. त्या घरात दुसरा पगार नव्हता.

वयाचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच 'ज्येष्ठ नागरिक' आठवतात. ज्येष्ठांचे प्रश्न आहेतच. २०११ च्या जनगणनेनुसार गोव्यात साठीपुढची माणसं ११.२ टक्के होती, देशात फक्त केरळ आपल्यापुढे होतं. त्यांच्यासाठी राज्य सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचे महिना २,००० रुपये आहेत, २००७ चा पालक व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा आहे, १४५६७ ही हेल्पलाइन आहे. पण नोकरीचं दार पस्तिशी-चाळिशीपासूनच लागायला सुरुवात होते. तिथून साठीपर्यंतच्या माणसाने जायचं कुठे? आपल्या राज्यघटनेच्या १५ व्या आणि १६ व्या कलमांत धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई आहे. त्या यादीत वय नाही. अमेरिकेत १९६७ पासून चाळिशीपुढच्यांना नोकरीत संरक्षण देणारा कायदा आहे, ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात वयाचा स्पष्ट उल्लेख आहे. आपल्याकडे खासगी मालकाने 'वय ३० च्या आत' असं लिहिलं तर त्याला जाब विचारायला कायदाच नाही. म्हणून तर पोस्टरं.

पोस्टरांवर चित्र काय घालायचं यावर आमचा बराच खल झाला. आमच्यात कला महाविद्यालयातल्या दोन मुली आहेत, त्यांनी इंटरनेटवरची छायाचित्रं दाखवली. सुरकुतलेले हात, काठीची मूठ, खिडकीतून बाहेर बघणारी आजी. मी ती सगळी बाजूला ठेवायला लावली. अशा चित्राने बघणाऱ्याला कणव येते, आणि कणव आली की माणूस दान देतो, नोकरी देत नाही. ब्रिटनमध्ये १९८१ पासून रस्त्याकडेच्या एका फलकावर कमरेत वाकलेली, काठी टेकत चालणारी दोन माणसं आहेत. म्हातारपण म्हणजे वाकलेली कंबर, हेच अशा चिन्हांनी मनात ठसवलं, असा आक्षेप तिथल्याच लोकांनी घेतला आहे.

मग दुसरी सूचना आली ती थोरामोठ्यांची. चित्रकार लक्ष्मण पै यांना २०१८ मध्ये, वयाच्या ९२ व्या वर्षी पद्मभूषण मिळालं, त्यांचं चित्र घालू. पै आमच्या कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते, त्यांच्याबद्दल मला अपार आदर आहे. तरीही मी नको म्हटलं. पन्नाशीतल्या कारकून बाईला कामावर राहण्यासाठी लक्ष्मण पै व्हावं लागू नये. तिला टंकलेखन येतं, फाइल सापडते, वेळेवर येते, एवढं पुरे झालं पाहिजे.

शेवटी आम्ही म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गेलो आणि परवानगी घेऊन फोटो काढले. एक बाई मयड्याची केळी घेऊन बसल्या होत्या. सत्तरी केव्हाच ओलांडलेली. एका हाताने घड तोलतात, दुसऱ्या हाताने सुटे पैसे मोजतात, मधेच शेजारणीच्या गिऱ्हाइकाला भाव सांगतात, आणि कोणाला किती परत द्यायचे ते चुकत नाही. त्यांना कोणी जन्मतारीख विचारत नाही, कारण त्या स्वतःच मालकीण आहेत. हा फोटो आम्ही घेतला. त्याच्याखाली एकच ओळ : 'यांना तुमच्या काउंटरवर बसवाल का?'

मला स्वतःला सगळ्यांत जवळचं वाटतं ते तिसरं पोस्टर. बँकेत, दवाखान्यात, मोबाइलच्या दुकानात आई खुर्चीवर बसलेली असते आणि समोरचा माणूस मुलीला विचारतो, 'यांना काय होतंय?' 'यांची सही जुळते का?' आई ऐकत असते. तिला ऐकू येतं, समजतं, उत्तरही येतं. या पोस्टरवर चेहरा नाही, पिवळ्यावर काळ्या अक्षरांत फक्त दोन शब्द आहेत : 'मला विचारा.' हे भिंतीवर लावायचं नाही. काउंटरच्या आतल्या बाजूला, कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर लावायचं.

अक्षरांबद्दल थोडं सांगते, कारण मोहिमा इथेच फसतात. दहा फुटांवरून वाचायचं तर अक्षर निदान इंचभर उंच हवं, हा बोर्ड रंगवणाऱ्यांचा जुना हिशेब. देवनागरीत बारीक टाइप घेतला की उकार आणि रफार भरून जातात, लांबून 'कर्म' आणि 'कम' एकच दिसतं. वय वाढतं तसं डोळ्यातलं भिंग पिवळसर होतं, निळ्या-हिरव्या छटा वेगळ्या कळेनाशा होतात, म्हणून ते रंग आम्ही टाळले. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइट चमकते, तेव्हा मॅट. आणि चिकटवाचिकटवी कुठेही करायची नाही. गोव्यात १९८८ पासून मालमत्ता विद्रूपीकरणाविरुद्ध कायदा आहे. प्रत्येक दुकानदाराची, पंचायतीची, देवस्थान समितीची परवानगी घेऊनच लावू. औषधाच्या दुकानवाल्यांनी तर आपण होऊन जागा दिली.

काही कामांना वयाची अट हवीच, असं म्हणणारे भेटतात. समुद्रावरच्या जीवरक्षकाचं उदाहरण हमखास येतं. त्याची पोहण्याची परीक्षा घ्या, दरवर्षी घ्या, नापास झाला तर घरी पाठवा. वाहन परवान्याच्या बाबतीत आपण हेच करतो. चाळिशीनंतर नूतनीकरणाला डॉक्टरांचा दाखला लागतो, चाळिशी झाली म्हणून कोणी परवाना काढून घेत नाही. जिथे जीव जाऊ शकतो तिथे परीक्षा पुरते, मग खतावणी लिहायला जन्मसाल कशाला?

तरुणांच्या विरोधात यातलं काही नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या अहवालात वयावरून होणारा भेदभाव तरुणांनाही भोगावा लागतो असं स्पष्ट म्हटलं आहे. आमच्यातल्या त्या दोन मुलींना 'तुम्ही अजून लहान आहात' म्हणून निम्म्या पैशांत काम करायला सांगतात. एक पोस्टर त्यांनी त्यावर केलं आहे आणि ते आमच्या सगळ्यांपेक्षा सरस झालं आहे.

आता आपल्याकडे मागणं. 'पाहिजेत'मधल्या जाहिराती पैसे देऊन छापल्या जातात, त्यातलं उत्पन्न वृत्तपत्राला लागतं, हे छापखान्यात वावरल्यामुळे मला कळतं. जाहिरात नाकारा असं मी म्हणत नाही. ती घेताना आपल्या माणसाने ग्राहकाला एवढंच विचारावं : वयाची ओळ काढून त्या जागी उमेदवाराला काय काय येत असायला हवं ते लिहू का? शब्द तितकेच, पैसे तितकेच. बरेच मालक सवयीने ती ओळ घालतात, विचारलं तर काढतील असा माझा अनुभव आहे. कारण अशा जाहिरातींचे मजकूर मी स्वतः वर्षानुवर्षं जुळवले आहेत.

दुसरं, १ ऑक्टोबरला आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असतो. त्या दिवशी बेरजेचं पोस्टर आपण अंकात छापावं. एका स्तंभाच्या रुंदीत बसेल असंच ते बेतलं आहे, फाइल मी आपल्या फोंडा कार्यालयात आणून देईन. आपला होकार चवथीच्या आधी कळला तर बरं, म्हणजे बाकीच्या पोस्टरांच्या किती प्रती काढायच्या ते छापखान्याला सांगता येईल.

आपली,
एक वाचक, कुर्टी-फोंडा