आमवात आणि बिननावाच्या पुड्या

संपादक महोदय,

आमच्याकडच्या आठवडी बाजारात सांधेदुखीवर 'हमखास गुण' म्हणून कागदी पुड्या विकतात. ना नाव, ना घटक. वहिनीने त्या घेतल्या. चार दिवसांत मूठ वळू लागली, महिन्याने चेहरा सुजला. अशा चूर्णांत स्टेरॉइड (दुखणे झटपट दाबणारे, पण चेहरा सुजवू शकणारे औषध) मिसळल्याचे प्रकार यापूर्वी उघड झाले आहेत. शिवाय दुखणे दबले तरी आमवाताची (रूमॅटॉइड आर्थ्रायटिस या सांध्यांच्या आजाराची) सूज आतून सांधा पोखरतच राहते, आणि तो वाकडा झाला की झाला. योगासने, शेक खुशाल करावेत; माशाच्या तेलाने काहींना थोडा आराम पडतोही. पण मेथोट्रेक्सेट या आमवाताच्या मुख्य औषधाच्या जोडीला, त्याऐवजी नव्हे. आयुर्वेदच हवा तर गोव्यातच धारगळला २०२२ पासून अखिल भारतीय आयुर्वेद संस्थान आहे. तिथे चालू गोळ्यांसकट सगळे सांगावे. या पुड्यांचे नमुने अन्न व औषध प्रशासन कधी उचलणार?

– एक वाचक, बार्देश