दुरुस्ती आली, पण प्रोग्रॅम जुनाच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संकेतस्थळ बंद पडले की ‘हॅकरांचा हल्ला’ एवढ्यावर बातमी संपते. हल्ला ज्या फटीतून झाला ती बुजवली का, हे कोणी विचारत नाही. सर्व्हर सांभाळणे हेच माझे रोजचे काम, म्हणून हे लिहितो आहे.

१० ऑक्टोबर २०२३ रोजी गूगल, संकेतस्थळांना संरक्षण पुरवणारी क्लाउडफ्लेअर आणि अ‍ॅमेझॉन यांनी मिळून ‘रॅपिड रीसेट’ नावाची त्रुटी जाहीर केली. एचटीटीपी-२ या प्रोटोकॉलमधली, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हर ज्या नियमांनी एकमेकांशी बोलतात त्यांतली. तिच्या जोरावर ऑगस्टपासून हल्ले चालू होते. गूगलवर सेकंदाला ३९ कोटी ८० लाख विनंत्या आदळल्या. क्लाउडफ्लेअरवरच्या हल्ल्यामागे तर यंत्रे होती साधारण २० हजार. एवढ्याशा फौजेने एवढा कहर!

एका कनेक्शनवर एका वेळी किती विनंत्या चालू ठेवता येतील, याची मर्यादा सर्व्हर घालतो. बहुतेक ठिकाणी शंभरच्या आसपास. हल्लेखोर विनंती पाठवायचा आणि लगोलग रद्द करायचा. रद्द झालेली विनंती मोजणीतून गळायची, पण सर्व्हरने तिच्यासाठी काम सुरू केलेले असायचे. खानावळीत शंभर ताटे सांगावीत, लगेच ‘नको’ म्हणावे, पुन्हा शंभर सांगावीत. गल्ल्यावर हिशेब शून्य आणि आत पोळ्या लाटणाऱ्याचा पिट्टा पडलेला, तसे.

गो ही सर्व्हरचे प्रोग्रॅम लिहायला वापरली जाणारी भाषा. तिच्या चमूने त्याच दिवशी १.२१.३ आणि १.२०.१० या दुरुस्त आवृत्त्या दिल्या. त्यांच्या नेटवर्किंग लायब्ररीतला (लायब्ररी म्हणजे प्रोग्रॅममध्ये वापरायचा तयार कोड) उपाय मला फार आवडला. विनंती रद्द झाली तरी तिचे काम संपेपर्यंत तिची जागा रिकामी धरायची नाही. मर्यादा भरली की नव्या विनंत्या रांगेत, आणि रांग हाताबाहेर गेली तर सरळ कनेक्शन तोडायचे. दुरुस्ती फुकट आणि सर्वांसाठी खुली.

घोडे अडते ते यापुढे. गोमध्ये लायब्ररी प्रोग्रॅमच्या पोटातच बांधलेली असते. सर्व्हरची ऑपरेटिंग सिस्टिम कितीही अपडेट करा, प्रोग्रॅम नव्या लायब्ररीसह नव्याने बिल्ड करून, म्हणजे मूळ कोडपासून पुन्हा तयार करून, सुरू केल्याशिवाय आतली जुनी लायब्ररी बदलत नाही. मध्यंतरी एका संस्थेचा सर्व्हर तपासायला गेलो. देखभालीचे कंत्राट चालू, अपडेटच्या नोंदी दर महिन्याला नीट लिहिलेल्या. चालू असलेला प्रोग्रॅम कशाकशापासून बनला आहे ते दाखवणारी एका ओळीची कमांड असते, ती दिली. नेट लायब्ररीपुढे ०.७.० असा आकडा आला. दुरुस्ती आली त्याच्या बऱ्याच पुढच्या, ०.१७.० या आवृत्तीत. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “साहेब, साइट चालू ठेवायचं काम आमचं. बिल्ड करणं करारात नाही.” करार वाचला, खरेच नव्हते. त्या मुलाला काय बोलणार?

महापालिका, विद्यापीठे, पतसंस्था अशांच्या संकेतस्थळांवर आता लोकांची रोजची कामे अवलंबून आहेत. त्यांच्या निविदेत एवढे एक कलम हवेच: गंभीर त्रुटीची दुरुस्ती आल्यापासून ठरावीक दिवसांत ठेकेदाराने प्रोग्रॅम नव्याने बिल्ड करून बसवावा आणि आतल्या लायब्रऱ्यांची यादी संस्थेला द्यावी. आणि आपल्या बातमीदारांना विनंती, पुढच्या वेळी साइट बसली की अधिकाऱ्यांना जरूर विचारा: हा प्रोग्रॅम शेवटचा कधी बिल्ड केला?

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक